रानडुकरातले जंत आणि माणसाचा वाटा

नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत पीक भरात आलं की शेतकरी रात्री राखणीला बसतो. रानडुकरांच्या या उपद्रवाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्यांच्या अंगात वाढणाऱ्या जंतांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

रानडुक्कर मुस्कटाने माती उकरून कंद, अळ्या, गांडुळं, मेलेली जनावरंही खातं. जंतांना आत शिरायला यातूनच वाटा मिळतात. फुप्फुसातल्या जंताचा प्रवास तर थक्क करणारा आहे. त्याची अंडी डुकराच्या विष्ठेतून मातीत पडतात आणि गांडूळ ती गिळतं. गांडुळाच्या शरीरात अळी वाढते. ते गांडूळ दुसऱ्या डुकराने खाल्लं की अळी आतड्यातून निघून फुप्फुस गाठते. मोठी डुकरं बहुधा निभावतात; पिल्लं खोकतात, खंगतात.

माणसाला धोका मांसातून. ट्रायकिनेला हा सूक्ष्म कृमी स्नायूंत दडतो. १८३५ साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याने तो शवविच्छेदनात पाहिला. मांस अर्धकच्चं राहिलं तर ताप, डोळ्यांभोवती सूज, असह्य अंगदुखी. मीठ लावून, वाळवून किंवा धुरी देऊन तो मरेलच असं नाही. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापायला हवं. परवानगीशिवाय रानडुकराची शिकार हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून चोरून विकलं जाणारं हे मांस कुठलाही पशुवैद्य तपासत नाही.

फीतकृमीची गोष्ट वेगळी. त्याच्या साबुदाण्याएवढ्या गाठी रानडुकरापेक्षा गावात मोकाट फिरणाऱ्या डुकरांत जास्त आढळतात, आणि डुकराला त्या होतात माणसाच्या विष्ठेतून. पूर्ण वाढलेला फीतकृमी फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून पोटात गेली तर मेंदूत गाठी होतात आणि फिट येऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, या कृमीचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत फेफऱ्याच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं. त्यातून शाकाहारीही सुटत नाहीत. इथे दोष डुकराच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

तेव्हा शिकारीचं मांस नाकारा. कोथिंबीर, मुळा, गाजर वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, शौचालय वापरा, हात साबणाने धुवा. आणि मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली तर मांत्रिकाकडे न जाता डॉक्टर गाठा. या आजारावर औषध आहे.