हरिणरोधक बागवनस्पती

काळवीट, चिंकारा इ. प्राणी ज्यांना सहसा तोंड लावीत नाहीत, अशा बागेतील वनस्पती. हे दोन्ही प्राणी व्यवहारात हरिण म्हणून ओळखले जात असले, तरी प्राणिशास्त्रदृष्ट्या ते गाय-शेळ्यांच्या कुलातील कुरंग आहेत. त्यांची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे भीमेच्या दोन तीरांवरील तालुके अवर्षणप्रवण पट्ट्यात येतात. दौंडलगत, बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) आहे; त्याचे क्षेत्रफळ अवघे ५·१४ चौ. किमी. असल्याने प्राण्यांचा वावर बाहेरील माळांवर व शेतांतही होतो. चैत्र-वैशाखात गवत वाळते, तेव्हा पाणी घातलेली बाग त्यांना आकर्षित करते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार त्यांची शिकार निषिद्ध असल्याने कुंपण व वनस्पतींची निवड यांवरच भिस्त ठेवावी लागते.

जास्वंद व गुलाब यांची कोवळी पालवी आवडीने खाल्ली जाते. याउलट चीक, कडवटपणा, उग्र वास किंवा काटे असलेल्या वनस्पती बहुधा वाचतात. उघड्या माळावरील प्रखर उन्हात घायपात, सदाफुली, घाणेरी, गवती चहा व शेर चांगली वाढतात. कडुनिंबाखालील विरळ सावलीत अडुळसा, पानओवा व, पाणी पुरेसे असल्यास, हळद लावता येते. तुळस मात्र सावलीत लावू नये. तेथे ती लांबट वाढते व तिच्या पानांचा वास मंदावतो. वास हेच जिचे संरक्षण, तिला ऊन द्यावेच लागते. शेताच्या कडेने काटेरी करडईच्या ओळी पेरण्याची जुनी पद्धतही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

कण्हेरीची शिफारस पुष्कळदा केली जाते. ती उन्हात फुलते, अल्प पाण्यावर तगते व हरिणे तिला टाळतात. परंतु तिचे सर्व भाग विषारी असून छाटलेल्या, वाळलेल्या पानांतही विष टिकून राहते. ताज्या पानांपासून दूर राहणारी जनावरे चाऱ्यात मिसळलेली वाळकी पाने खातात. धनगरांचे कळप जेथून नित्य जातात, अशा वाटांच्या कडेला ती लावणे इष्ट नाही व तिची छाटणी पुरून टाकावी. शेराचा चीकही डोळ्यांस अपायकारक असतो.

कोणतीही वनस्पती पूर्णतः हरिणरोधक नसते. टंचाईच्या दिवसांत एरवी टाळलेला पालाही खाल्ला जातो. नवी रोपे तर केवळ कुतूहलानेही उपटली जातात. म्हणून पहिली दोन वर्षे त्यांभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करतात.