किराणा दुकानातील भाजीपाला : उतराई आणि साठवणूक

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील जामुल हे भिलाईला लागून असलेले, सिमेंट कारखान्यासाठी परिचित असलेले नगर. याच जिल्ह्यातील धमधा परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात येथील पारा 40 अंशांच्या वर जातो. अशा हवामानात शीतगृहाची सोय नसलेल्या छोट्या किराणा दुकानात सकाळी उतरलेला भाजीपाला संध्याकाळपर्यंत टिकवणे सोपे नसते.

लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या 2015 मधील अहवालानुसार टोमॅटोचे नुकसान 12.44 टक्के, तर कांद्याचे 8.20 टक्के होते. काढणीपासून किरकोळ विक्रीपर्यंतचे सर्व टप्पे यात येतात. म्हणजे 20 किलोच्या एका क्रेटमागे सुमारे अडीच किलो टोमॅटो वाया जातो. दुकानदार ही तूट गृहीत धरूनच भाव ठरवतो आणि तिचा भार अखेर शेतकऱ्यावर पडतो.

माल उतरवताना पुढील बाबी पाळाव्यात. माल सावलीत उतरवावा. क्रेट आपटू नये. फुटलेली, डागाळलेली फळे लगेच वेगळी करावीत. एका कुजक्या फळाची बुरशी शेजारच्या फळांना लागते. पिकलेला व कच्चा टोमॅटो निरनिराळा ठेवावा. आधी आलेला माल आधी विकावा.

साठवणुकीत प्रत्येक मालाचा स्वभाव निराळा असतो. कांदा कोरड्या, हवेशीर जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा. बटाटा अंधारात ठेवावा. उजेडात तो हिरवा पडून त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते. बटाट्यातील ओलावा कांद्याला मारक असल्याने दोन्ही एकत्र ठेवू नयेत. पिकणारी केळी व टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. त्यांच्याजवळ पालेभाज्या व काकडी लवकर पिवळ्या पडतात. फ्रिज हा सर्वांवर उपाय नव्हे. सुमारे 10 अंशांखाली काकडी, वांगी व कच्चा टोमॅटो यांना शीत इजा होते.

विजेविना चालणारा पर्याय म्हणजे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष. विटांच्या दुहेरी भिंतींमधील साडेसात सेंटिमीटर पोकळीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवतात. बाष्पीभवनामुळे उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहते आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास टिकते. पालेभाज्या व टोमॅटोसाठी तो उपयुक्त आहे. कांद्यासाठी मात्र नाही. पावसाळ्यातील दमट हवेत त्याचा परिणाम कमी होतो.

दुकानाच्या फळीवरील टिकाऊपणाची सुरुवात मात्र शेतातच होते. टोमॅटो रंग धरू लागताच पहाटे तोडावा, सावलीत प्रतवारी करावी व पोत्याऐवजी क्रेटमधून पाठवावा. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी व जवळचे दुकानदार यांची एकत्र बैठक घेऊन प्रतवारीचे निकष ठरवून द्यावेत. वाचलेला प्रत्येक किलो दोघांच्याही पदरात पडेल.