‘काही अडचण नाही ना गं?’

पापड-मसाल्याचा उद्योग असो, शिवणकामाचं युनिट असो की आठ-दहा मुलींचं दुकान. महिन्यातून एकदा ताई सगळ्यांना समोर बसवतात आणि विचारतात, ‘‘काय गं, काही अडचण नाही ना?’’ सगळ्या माना हलवतात. चहा होतो, बैठक संपते. पुढच्याच महिन्यात त्यातली सगळ्यात तरबेज मुलगी काम सोडते. मग आपण म्हणतो, बोलली का नाही?

बोलणार कशी, मैत्रिणींनो? उत्तर प्रश्नातच घालून ठेवलेलं!

अमेरिकेत शिकागोजवळ टेलिफोनची सामग्री बनवणारा हॉथॉर्न कारखाना होता. १९२८ ते १९३० या काळात तिथल्या वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. आधी प्रश्न ठरलेले असत, पण कामगार वेगळंच काही बोलू पाहत. मग पद्धत बदलली. विचारायचं कमी, ऐकायचं जास्त, आणि नाव कुठेही लिहायचं नाही. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. मनातलं बाहेर यायला लागलं.

त्याच कारखान्यात १९२७ पासून पाच तरुणींवर एक प्रयोग चालू होता. मधली सुट्टी किती, कधी, हे त्यांचं मत घेऊन ठरे. कामही वाढलं. पण १९२८ मध्ये त्यातल्या दोघींना ‘फार बोलतात, सहकार्य करत नाहीत’ म्हणून तिथून हलवलं! उरलेल्यांनी काय धडा घेतला असेल, सांगायला नको.

आपल्याकडे काय करता येईल? एकेकटीला विचारा, तेही नेमकं. ‘‘कुठलं काम दोनदा करावं लागतं?’’, ‘‘दुपारनंतर पाठ कशानं भरून येते?’’ सूचनापेटीवर भिस्त नको. दहाजणींत अक्षर लगेच ओळखू येतं. मधे समजावू नका, ‘अगं पण’ म्हणू नका. आठ दिवसांत सगळ्यांना सांगा, यातलं काय होणार, काय नाही आणि का नाही. कुणी काय सांगितलं, ते मात्र तुमच्यापाशीच राहू द्या.

आणि एखादी जरा टोचेल असं बोललीच, तर दुसऱ्या दिवशी तिच्याशी नेहमीसारखंच बोला. बाकीच्या सगळ्या तेवढंच बघत असतात.