तिसऱ्या दिवसाचे कोडे

प्रतिकारशक्ती शिकवताना आपण सैन्याचा दाखला देतो. हे सैन्य स्वतःच्याच गावावर का चालून जात नाही, असे एखादी मुलगी विचारते आणि आपण अडखळतो.

उत्तर छातीच्या मधल्या हाडामागील थायमस ग्रंथीत आहे. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी’ असे सुरेख नाव आहे. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली. ती पिल्ले खुरटली, रोगांना बळी पडली. परक्या उंदराची त्वचाही त्यांच्या अंगावर टिकून राहिली. परके ओळखणाऱ्या टी-पेशी येथेच घडतात, हे त्यातून उमगले.

१९६९ मध्ये जपानमधील निशिझुका व साकाकुरा यांनी हीच शस्त्रक्रिया जन्मानंतर तिसऱ्या दिवशी केली. आता नुकसान कमी व्हायला हवे. झाले भलतेच! माद्यांची अंडाशये नष्ट झाली. पुढे कळले, की हा हल्ला त्यांच्याच टी-पेशींचा होता.

असे का व्हावे? अस्थिमज्जेतून थायमसमध्ये आलेली प्रत्येक कोवळी पेशी जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून आपला ग्राहक रेणू बनवते. जोडणीच आंधळी, तेव्हा काही ग्राहक स्वतःच्या शरीरालाच चिकटणार. म्हणून येथे कडक परीक्षा असते. शरीराचे ओळख-रेणू मुळीच न ओळखणारी पेशी मरते. स्वकीय प्रथिनांना घट्ट धरणारीही मरते. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच बाहेर पडतात. इन्सुलिन तर स्वादुपिंडात बनते, मग त्याची परीक्षा येथे कशी? ‘एअर’ या जनुकामुळे थायमसच्या काही पेशी अशी परस्थ प्रथिनेही थोडी थोडी बनवतात.

तरीही चाळणीतून काही निसटतात. त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. स्वकीयांना बऱ्यापैकी धरणाऱ्या काही पेशी मारल्या जात नाहीत. त्यांच्यात ‘फॉक्सपी३’ हे जनुक जागे होते आणि त्या इतर टी-पेशींना आवरणाऱ्या नियामक पेशी बनतात. उंदरात या पेशी इतरांपेक्षा काही दिवस उशिरा बाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी थायमस काढली, की हल्लेखोर बाहेर आणि आवरणारे मात्र घडलेच नाहीत!

शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी वेगळ्या ओळखल्या. त्या वगळून उरलेल्या टी-पेशी थायमसविहीन उंदरांना टोचल्या, तर अवयवांवर हल्ला होई. वगळलेल्याही सोबत दिल्या, तर होत नसे. मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ शोधले. तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, इसब आणि न थांबणारे जुलाब होतात.