इंटरल्युकिन-५ : दम्यातला निरोप्या

धुळीतले माइट्स किंवा झुरळांचे कण श्वासात गेले, की अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेतल्या काही पेशी इंटरल्युकिन-५ हे प्रथिन सोडतात. अस्थिमज्जेला त्याचा निरोप मिळतो आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी भराभर तयार होऊन फुप्फुसात उतरतात. एरवी लवकर मरणाऱ्या या पेशी याच प्रथिनाच्या जोरावर तग धरतात. त्यांच्यातल्या विषारी द्रव्यांमुळे श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं. अशा रुग्णाचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात दोन्ही टोकांना निमुळते स्फटिक दिसू शकतात. तेही इओसिनोफिलच्याच प्रथिनाचे.

इंटरल्युकिन-५ला अडवणारं मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन २००० सालच्या चाचणीत फिकं पडलं. इओसिनोफिल घटले, पण सौम्य दम्याच्या रुग्णांना फरक जाणवला नाही. माझ्या मते दोष औषधाचा नव्हता, निवडीचा होता. २००९मध्ये बेडक्यात इओसिनोफिल वाढलेले, वारंवार झटके येणारे रुग्ण निवडले, तेव्हा झटके स्पष्टपणे कमी झाले. २०१५मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

अशा निवडीला उपयोगी पडणारा इओसिनोफिलचा आकडा रक्ताच्या साध्या सीबीसी रिपोर्टमध्येही असतो. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तो फसवा कमी दिसतो. आणि झटका आल्यावर हे इंजेक्शन कामाचं नाही, तिथे लगेच आराम देणारा इनहेलर हवा.