शिपाई, दप्तरदार, इतिहासकार : दियोगो दो कोउतो

शिर्डीला आलेला भाविक बाबांचं दर्शन घेऊन शनिशिंगणापूर गाठतो आणि परत फिरतो. नगरचा निजामशाही भुईकोट किल्ला सहसा राहूनच जातो. १४९० साली मलिक अहमदने स्थापलेल्या निजामशाहीबद्दल वाचायचं, तर आपण इतिहासकार फिरिश्ता उघडतो. पण याच निजामशाहीशी चौलला झुंजणाऱ्या फिरंग्यांचाही एक लेखक होता. आमच्या जिल्ह्यात त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

दियोगो दो कोउतो १५४२ साली लिस्बनमध्ये जन्मला, १५५९ मध्ये शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला. दहाएक वर्षांनी मायदेशी परतताना मोझांबिकला त्याला कवी कामोइंश भेटला. ‘लुझियाद’ हे महाकाव्य लिहिणारा हा माणूस तेव्हा मित्रांच्या दयेवर जगत होता. त्याचं कर्ज आणि जहाजाचं भाडं मित्रांनीच वर्गणी काढून भरलं. ही हकिगत आपल्याला कळते ती कोउतोमुळे.

१५७१ मध्ये तो गोव्यात परतला आणि तिथलाच झाला. १५९५ मध्ये राजा फिलिपने त्याला राज्याचा इतिहासकार आणि गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख नेमलं. जुआंव द बारुश याने सुरू केलेला ‘देकादश’ हा इतिहास पुढे नेण्याचं काम त्याच्याकडे आलं. नशीब मात्र खोटं. आठव्या-नवव्या खंडांची हस्तलिखितं आजारपणात चोरीला गेली, मग त्याने ती आठवून थोडक्यात पुन्हा लिहिली. अकरावा खंड तर हरवलाच.

आपल्याला सर्वांत जवळची वाटतील ती कान्हेरी आणि घारापुरीच्या लेण्यांची वर्णनं. घारापुरीच्या दारावरचा शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथे कुणालाच तो वाचता आला नाही आणि पुढे दगडही नाहीसा झाला, हे कोउतोच सांगतो. आपला केवढा ठेवा असा गेला! बुद्धाची कथा आणि ख्रिस्ती संत जोसाफातची कथा यांतलं साम्यही त्याने हेरलं होतं. आता विद्वान मानतात की जोसाफातची गोष्ट मुळात बुद्धाचीच. सोळाव्या शतकात शिपाईगिरी केलेल्या माणसाला हे जाणवावं, याचं मला नवल वाटतं.

पण त्याचा खरा कस लागतो ‘सोल्दादु प्रातिकु’ या संवादात. अनुभवी शिपाई बोलतो आणि गोव्याच्या कारभाराची लक्तरं बाहेर काढतो: हजेरीपटावर मेलेल्यांची नावं ठेवून पगार खाणारे कप्तान, भीक मागणारे सैनिक, विकाऊ अधिकारी. हे पुस्तक १७९० पर्यंत छापलं गेलं नाही.

तरी त्याला डोळे मिटून प्रमाण मानू नये. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला तेव्हा कोउतो हिंदुस्थानात नव्हता. त्या वेढ्याविषयी त्याने लिहिलं ते ऐकीव माहितीवर. शत्रूचं सैन्य फुगवणं, हिंदू-मुसलमानांबद्दल तुच्छतेने लिहिणं, हे त्या काळचे दोष त्याच्यातही आहेत. मुसलमानी तवारिखांशी ताडून पाहिलं, तरच तो उपयोगी पडतो.

१० डिसेंबर १६१६ रोजी तो गोव्यात वारला. त्याच्या दप्तरखान्याची धुरा विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी वाहिली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास त्यातून मराठीत आणला. निजामशाहीबाबत तेवढंच काम व्हायला हवं. नगरच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने आता पोर्तुगीज शिकायला घ्यावं.