माळ्यावरून पुन्हा भिंतीवर

१९८०च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या पेठांमधले वाडे पडायला लागले. वाडा पडायचा म्हणजे सामानाची वाटणी आली, आणि वाटणीत कुणालाच नको असलेल्या वस्तूही आल्या. पितळी घंगाळ निदान वजनावर तरी खपायचं. लंबकाच्या घड्याळाचं तसं नव्हतं. पेटीला वाळवी, काच तडकलेली, चावी हरवलेली. त्याची भिंतीवरची जागा पेन्सिल सेलवर चालणाऱ्या घड्याळाने केव्हाच घेतली होती. ओधवजी पटेलांनी मोरबीत १९७१ साली सुरू केलेल्या अजंता कंपनीची घड्याळं तोवर घराघरांत पोचली होती. ती स्वस्त होती, चावी मागत नव्हती आणि महिन्याला फार तर अर्धं मिनिट चुकत होती. त्यांच्यापुढे टोल्याचं घड्याळ टिकणं शक्यच नव्हतं.

जुनी घड्याळं जमवायला मी लागलो ते याच पडझडीच्या काळात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात गोणपाटावर नळाच्या तोट्या, कुलपं आणि घड्याळांची मशीनं एकत्र मांडलेली असत. तेव्हा कुणी त्यांना अँटिक म्हणत नसे. विकणारा ‘चालू नाही’ हे आधीच सांगून मोकळा व्हायचा, आणि घेणाराही ते गृहीत धरून भाव करायचा. पुढे भाव चढत गेला तसा हा प्रामाणिकपणा उतरत गेला.

आपल्याकडच्या घरांत लागलेली घड्याळं मुख्यतः तीन देशांची. अमेरिकन अन्सोनिया आणि सेठ थॉमस, जर्मन युंगहान्स आणि गुस्ताव्ह बेकर, जपानी सेइकोशा. किंतारो हात्तोरींनी १८९२ साली सेइकोशाचा कारखाना काढला तो भिंतीवरच्या घड्याळांपासूनच. मनगटी सेइको नंतरची. माझं मन मात्र बेकरवर बसलं. सायलीशियातल्या फ्रायबुर्ग गावी १८४७ साली त्याने काम सुरू केलं. मशीनच्या मागच्या पत्र्यावर नांगर, त्यावर मुकुट, जी आणि बी ही अक्षरं आणि खाली क्रमांक. १८९२च्या सुमारास हा क्रमांक दहा लाखांवर गेला, त्यामुळे आकडा वाचून घड्याळाचं वय बऱ्यापैकी सांगता येतं. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. अन्सोनियाची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. ब्रुकलिनचा कारखाना डबघाईला आला आणि १९२९ साली त्याची यंत्रं सोव्हिएत रशियाला विकली गेली. अमेरिकन भांडवलदारांच्या यंत्रांवर मॉस्कोत कामगारांची घड्याळं बनली.

मुंबईहून आलेलं घड्याळ हाती लागलं की मला एक गंमत आठवते. देशाची प्रमाणवेळ १९०६ सालापासून लागू झाली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५पर्यंत पूर्णपणे सोडली नाही. त्या शहरातल्या घड्याळाला बिचाऱ्याला दोन मालकांची चाकरी करावी लागली असणार.

घड्याळ घरी आणलं की खरं काम सुरू होतं, आणि या छंदातली गोडी मला तिथेच वाटत आली आहे. मशीन उघडल्यावर सर्वांत आधी दिसतो तो चिकटा. आपल्या लोकांनी मायेने घातलेलं खोबरेल. ते चोवीसेक अंशांखाली थिजतं, म्हणून डिसेंबरात घड्याळ बंद पडायचं आणि लोक म्हणायचे, थंडी मानवत नाही त्याला. चिकटा रॉकेलमध्ये बुडवून काढला, छिद्रं काडीने साफ केली, नेमक्या जागी सुईच्या टोकावर मावेल इतकं घड्याळाचं तेल लावलं, की निम्मी मशीनं आपणहून चालतात. मग पेटी भिंतीवर लावून कान देऊन ऐकायचं. टिक आणि टक यांमधलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर लंबकाचा दुवा किंचित वाकवावा लागतो, नाहीतर घड्याळ रात्रीत थांबतं.

टोल्यांचं यंत्र तर वेगळंच प्रकरण. पुष्कळ जुन्या मशीनांत एक चाक असतं, त्याच्या कडेला खाचा कापलेल्या. दोन खाचांमधलं अंतर वाढत जातं, एका टोल्यापुरतं, दोनपुरतं, असं बारापर्यंत. खाच येईपर्यंत हातोडी मारत राहते. या चाकाला काट्यांचा पत्ताच नसतो. घाईने काटे फिरवले, टोले पुरे होऊ दिले नाहीत, की चार वाजता सात पडतात. पाहुण्यांना वाटतं घड्याळ बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं, फक्त मोजणी सुटलेली असते. अर्ध्या तासाचा एक धरला तर दिवसाला १८० टोले, आठवड्याच्या एका चावीवर १,२६०. शेजाऱ्यांचा विचार करून मी घरात एका वेळी दोनच घड्याळांची टोल्याची स्प्रिंग भरतो.

उन्हाळा घड्याळाची परीक्षा पाहतो. लंबकाची दांडी लोखंडाची असेल तर तापमान एका अंशाने वाढल्यावर घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडतं. जानेवारीत जुळवलेलं मे महिन्यात, खोली पंधरा अंशांनी तापली की, आठवड्याला जवळपास मिनिटभर मागे. मग लंबकाच्या तळाची चाकी थोडी वर घ्यायची. चांगल्या जर्मन घड्याळांत दांडी लाकडाची असे, ती उन्हाला फारशी दाद देत नाही. आपल्या पावसाळ्याला मात्र देते.

२००० सालानंतर चित्र पालटलं. हॉटेलवाले, अंतर्गत सजावट करणारे, चित्रपटांचे सेट लावणारे मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर येऊ लागले. त्यांना पेटी हवी होती, चालणारं यंत्र नको होतं. तिथून जोडकाम सुरू झालं. एकाची पेटी, दुसऱ्याचं मशीन, डायल कालपरवा छापून चहाच्या पाण्याने पिवळी केलेली. माझ्या लेखी त्याहून वाईट म्हणजे सागवानी पेटीतलं पितळी मशीन भंगारात देऊन आत सेलचं मशीन बसवणं. लंबक दिसायला हलतो, पण त्याचा वेळेशी काही संबंध नसतो. भाव मात्र या ‘चालू’ घड्याळाला जास्त.

याच वर्षांत कारागीर संपत गेले. पेठेतल्या ज्या घड्याळजींकडे मी स्प्रिंग बदलायला जायचो, त्यांच्या मुलाने त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरं लावली. त्याला दोष कसा द्यायचा? एका मशीनवर दोन दिवस घालवून मिळणाऱ्या मजुरीत गाळ्याचं भाडं निघत नव्हतं. अलीकडे काही इंजिनिअर मुलं परदेशी कारागिरांचे व्हिडिओ पाहून घरच्या टेबलावर मशीन उघडायला शिकली आहेत. झिजलेल्या छिद्रात पितळी बुश बसवण्याचं काम त्यांतली एक-दोघं जुन्या कारागिरांइतकं नेटकं करतात, आणि घाई करत नाहीत.

सध्या माझा डोळा एचएमटीच्या गजराच्या टाइमपीसवर आणि स्वातंत्र्यानंतर इथेच बनलेल्या चावीच्या घड्याळांवर आहे. एचएमटीची घड्याळं १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झाली, २०१६ साली कारखाना मिटला. मनगटी जनता आणि पायलट यांच्यामागे आता लोक धावतात, टाइमपीसकडे अजून कुणाचं लक्ष नाही. परीक्षेच्या दिवसांत पहाटे साडेचारला घर उठवणारे ते डबे घरोघर माळ्यावर असतील. कुणी दिला तर आधी पाठीमागची गजराची चावी शाबूत आहे का बघा. पहिली हरवते ती तीच.